मालिकेतले संभाजी महाराज आणि कागदांतले

फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ हा चित्रपट आला आणि त्याच्या आगेमागे दोन वाद झाले. पहिला लेझीमचा. झलक पाहून लोक चिडले, महाराज नाचताना दाखवले म्हणून आक्षेप आला आणि तो प्रसंग चित्रपटातून काढला गेला. दुसरा वाद शिर्क्यांचा. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना फितूर ठरवलं म्हणून शिर्के घराण्याच्या आजच्या पिढीने बदनामीच्या दाव्याचा इशारा दिला आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. चर्चा दोन्हींची झाली, पण दोन्ही एकाच तागडीत तोलण्यासारखे नाहीत. लेझीम काढली तर कुणाचं काही बिघडत नाही. फितुरी कुणाच्या नावावर लावायची हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे.

चित्रपट तीन तासांत आटोपतो. मालिका घरात मुक्कामाला येते. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ झी मराठीवर सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० अशी जवळपास अडीच वर्षं चालली. आज कॉलेजात असलेल्या कितीतरी मुलांना सोयराबाई, अण्णाजी दत्तो, कवी कलश ही माणसं पहिल्यांदा भेटली ती अशा मालिकांतून. म्हणून या लेखात एका मालिकेचा निकाल लावायचा नाही. राजघराण्यावरची कोणतीही मालिका पाहताना कुठे सोडून द्यावं आणि कुठे थांबून विचारावं, एवढंच पाहायचं आहे. उदाहरण मात्र संभाजी महाराजांचंच घेऊ, कारण कागद आणि नाटक यांची इतकी झटापट दुसऱ्या कुठल्या मराठी राजाच्या वाट्याला आलेली नाही.

पोशाख, भाषा, जेवणाचं ताट यांत मालिका चुकते ते किरकोळ आहे. ती खरी घसरते कारणांत. काय घडलं हे बहुतेक वेळा बरोबर असतं, का घडलं ते बदललेलं असतं. आणि यामागे लेखकाची लबाडी असतेच असं नाही. पुष्कळदा निर्मितीचा खर्च असतो.

साधन म्हणजे काय

ज्या कागदावरून इतिहास लिहिला जातो त्याला अभ्यासक ‘साधन’ म्हणतात. घटना घडत असताना किंवा लगेच नंतर लिहिलेलं ते समकालीन साधन. त्यात पत्रं, दानपत्रं, महजर (म्हणजे पंचांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद) आणि शकावल्या येतात. शकावली म्हणजे तिथीवार टिपलेल्या घटनांची यादी. बखर ही वेगळी. ती गोष्टीसारखी लिहिलेली हकीकत असते, कधी घटनेनंतर दहा-पंधरा वर्षांनी तर कधी शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहिलेली.

जेधे शकावली हे या काळाचं फार मोलाचं साधन. भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्यात ती होती आणि लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ती प्रसिद्ध केली. पण मोलाची म्हणजे तपशीलवार नव्हे. एका घटनेला एखाददुसरी ओळ, तीही कोरडी. घरातलं जुनं कालनिर्णय काढून पाहा: चौकटीत ‘गॅस लावला’, ‘दूध नाही’, ‘मामा येऊन गेले’ असं लिहिलेलं असतं. मामा का आले, कोण रडलं, कोणाचं पटलं नाही, यातलं काही नसतं. अशा दहा वर्षांच्या कॅलेंडरांवरून तुमच्या घराची मालिका लिहा म्हटलं तर लेखक काय करेल? शकावलीवरून राजघराण्याची मालिका लिहिणाऱ्याची अडचण नेमकी हीच आहे.

शकावलीखेरीज बरंच काही आहे. सभासदाची बखर १६९७च्या सुमारास जिंजीला लिहिली गेली. मुघलांच्या बाजूने साकी मुस्तैदखान, भीमसेन सक्सेना, ईश्वरदास नागर यांच्या फारसी तवारिखा आहेत. मुंबई, सुरत, कारवार इथल्या वखारींतून इंग्रज आपल्या वरिष्ठांना सतत पत्रं लिहीत होते. गोव्यातली पोर्तुगीज कागदपत्रं पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर खपून बाहेर काढली. पाँडिचेरीच्या फ्रेंच फ्रान्स्वा मार्तेंची रोजनिशी आहे. आणि महाराजांचा स्वतःचा संस्कृत ग्रंथ ‘बुधभूषण’ आहे. म्हणजे साधनं नाहीत असं कुणी म्हणू नये. ती पाच-सहा भाषांत विखुरलेली आहेत आणि एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत, एवढंच.

कागद किती जवळचा, आणि कुणाचा

कोणत्याही साधनाला दोन प्रश्न विचारायचे. घटनेपासून किती लांब? आणि लिहिणाऱ्याचं त्यात काय अडकलं होतं?

मल्हार रामराव चिटणीसांची बखर घ्या. संभाजी महाराज उतावळे, व्यसनी, सल्लागार कवी कलशाच्या नादी लागलेले, हे चित्र पुढे ज्या लेखनातून पसरलं त्यात ही बखर मोठी. ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे घटनांनंतर सव्वाशे वर्षांनी. आणि मल्हार रामराव वंशज होते बाळाजी आवजी चिटणीसांचे. १६८१ मध्ये कटात सामील असल्याच्या आरोपावरून संभाजी महाराजांनी ज्यांना देहान्त शासन केलं त्यांत बाळाजी आवजी होते. बखर खोटीच, असं यातून सिद्ध होत नाही. पण ज्या घरातला कर्ता माणूस राजाने मारला त्या घरातली हकीकत पुराव्याविना जशीच्या तशी उचलू नये, एवढं तर कोणीही मान्य करेल.

तरी ती उचलली गेली. नाटकं, कादंबऱ्या, जुने चित्रपट यांनी त्या चित्रावर रंग चढवले. राम गणेश गडकऱ्यांचं ‘राजसंन्यास’ हे अपुरं राहिलेलं नाटक त्याच परंपरेतलं, आणि त्या लेखनाचा राग शंभर वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, पुण्याच्या संभाजी उद्यानातल्या गडकऱ्यांच्या पुतळ्यावर निघाला. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षं देशोदेशींचे कागद धुंडाळून १९६० साली चरित्र प्रसिद्ध केलं, पुढे कमल गोखले यांचा ग्रंथ १९७१ मध्ये आला, तेव्हा कुठे चित्र पालटलं. आजच्या मालिका उभ्या आहेत त्या या पालटलेल्या चित्रावर. पण त्यांनी जुन्या नाटकांची एक सवय सोडलेली नाही: राज्यातल्या प्रत्येक घडामोडीमागे कुणाचा तरी मत्सर शोधायचा.

बावीस मिनिटांचा हिशोब

अर्ध्या तासाच्या वेळेतून जाहिराती वजा केल्या की २० ते २२ मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास. दर आठवड्याला एक अख्खा चित्रपट लिहून, चित्रित करून, संकलित करून द्यायचा, आणि तेही दोन-अडीच वर्षं न थांबता. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. इतिहासाचा सल्लागार असलाच तर तो बहुधा कथेच्या टप्प्यावर बसतो. संवाद शूटिंगच्या तोंडावर सेटवर पोचतात तेव्हा एखादं वाक्य साधनांशी ताडून पाहायला ना वेळ असतो ना माणूस.

शिवाय भाग संपताना हुक हवा, म्हणजे उद्या पुन्हा टीव्ही लावावा असं काहीतरी. दाराआड उभी राहून ऐकणारी दासी हा सगळ्यांत स्वस्त हुक. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि ज्या पात्राला लोक पाहतात त्याचे प्रसंग वाढतात. खलपात्र चाललं तर त्याचं आयुष्यही वाढतं.

वाडा स्वस्त, रणांगण महाग

सदर, महाल, देवघर, माजघर यांचे सेट एकदा उभे केले की दोन वर्षं पुरतात. दिवे लागलेले, कॅमेऱ्याच्या जागा ठरलेल्या, कलाकार रोजचे. दिवसभरात एका भागाचा मजकूर हातात येतो. लढाईला घोडे लागतात, घोडे सांभाळणारे लागतात, शे-दोनशे ज्युनियर आर्टिस्ट, साहसदृश्यांचा दिग्दर्शक, बाहेरची जागा, उन्हाची वेळ, आणि नंतर व्हीएफएक्स. इतकं करून पडद्यावर येतात काही मिनिटं. म्हणून लढाई येते महाएपिसोडला, आणि मधले सगळे वार जातात वाड्यात.

आता संभाजी महाराजांची कारकीर्द पाहा. १६८१च्या सुरुवातीला बुऱ्हाणपूरची लूट. १६८२ मध्ये जंजिऱ्याची मोहीम. नाशिकजवळच्या रामसेजचा मुघलांना दमवणारा वेढा. १६८३ मध्ये पोर्तुगीजांशी युद्ध: फोंड्याच्या वेढ्यातून व्हाइसरॉयला माघार घ्यावी लागली आणि जुवे बेटावर तो स्वतः जखमी झाला. गोवा हातचा जाणार या भीतीने त्याने सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून त्याचा धावा केला. दख्खनेत उतरलेला औरंगजेब, १६८६ मध्ये बुडालेली विजापूरची आदिलशाही, १६८७ मध्ये बुडालेली गोवळकोंड्याची कुतुबशाही. नऊ वर्षं राज्य केलेला हा राजा बहुतेक काळ घोड्यावर होता. मालिकेत तो बहुतेक काळ घरी असतो.

आणि घरात दाखवायचं काय? धान्याची टंचाई दिवाणखान्यात दिसत नाही. वतनाचा हक्क दिसत नाही. लष्कर आणि मुलकी कारभारी यांच्यातला जुना ताण दिसत नाही. मत्सर दिसतो. डोळे वटारले की झालं. त्यामुळे राज्याचा प्रश्न सासू-सून, सावत्र आई, भाऊबंदकी या साच्यात ओतला जातो. बोटीने कोकणात कोणती कुमक आली यावर भाग निघत नाही, कुणी कुणाच्या ताटात काय कालवलं यावर तीन भाग निघतात.

१६८० सालचा उन्हाळा

शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर वारले. संभाजी महाराज पन्हाळ्यावर होते. २१ एप्रिलला रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्यात आलं. मालिकेच्या भाषेत याचं उत्तर ठरलेलं: सोयराबाईंना आपला मुलगा राजा करायचा होता. ते खरंही असेल. पण तेवढंच कारण धरलं तर पुढचं काही उलगडत नाही.

कारभारी अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे संभाजी महाराजांना कैद करायला पन्हाळ्याकडे निघाले. वाटेत त्या दोघांनाच कैद केलं सरसेनापती हंबीरराव मोहित्यांनी. हंबीरराव कोण? सोयराबाईंचे सख्खे भाऊ. राजाराम त्यांचा भाचा. घरच्या भांडणाचा साचा खरा असता तर त्यांनी भाच्याच्या बाजूने तलवार उपसायला हवी होती. त्यांनी उलट केलं. मुघल दाराशी असताना दहा वर्षांच्या मुलाच्या नावाने कारभाऱ्यांनी राज्य चालवावं हे लष्कराला परवडणारं नव्हतं. तेवीस वर्षांचा, मोहिमा केलेला राजा हवा होता. हंबीररावांचं वागणं असं पाहिलं तरच उमगतं.

कारभाऱ्यांची बाजूही निव्वळ हावेची म्हणता येत नाही. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजी महाराज मुघल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले होते आणि जवळपास वर्षभराने परतले होते. मधे मराठ्यांचा भूपाळगड पडला आणि दिलेरखानाने तिथल्या सातशे माणसांचा एकेक हात तोडला. ही गोष्ट जुनी झाली नव्हती, मागच्याच वर्षाची होती. सभासदाने तर शिवाजी महाराजांच्या मनात दोन मुलांत राज्य वाटून देण्याचा विचार होता असं नोंदवलं आहे. वारसाचा प्रश्न राजा जिवंत असतानाच उघडा पडला होता, ही यातली खरी मेख. सोयराबाईंची महत्त्वाकांक्षा त्या प्रश्नात शिरली, तिने तो निर्माण केला नाही.

दुसरा कट १६८१चा. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर जूनमध्ये कोकणात येऊन थांबला होता. कट करणाऱ्यांनी त्याच्याशी संधान बांधण्याचा प्रयत्न केला, आणि अकबरानेच तो संभाजी महाराजांना कळवला. विषप्रयोगाची हकीकत मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रात आहे, माशांच्या पदार्थात विष घातल्याच्या तपशिलासह. म्हणजे ताटात कालवण्याचा प्रसंग लेखकाच्या डोक्यातून निघाला असं म्हणायची घाई करू नये! काही वेळा कागदच मालिकेपेक्षा वरचढ असतो.

ऑक्टोबर १६८१ मध्ये सोयराबाई वारल्या. कशा? भिंतीत चिणून मारल्याची कथा प्रसिद्ध आहे आणि ती उत्तरकालीन बखरीची देणगी. या कथेविरुद्ध हमखास पुढे केला जाणारा पुरावा म्हणजे संभाजी महाराजांनी ऑगस्ट १६८० मध्ये कुडाळच्या बाकरे शास्त्रींना दिलेलं दानपत्र. त्यात सोयराबाईंचं मन स्फटिकासारखं निर्मळ असल्याचं म्हटलं आहे. पुरावा अस्सल आहे, पण त्याचा वापर जपून करायला हवा. दानपत्र ऑगस्ट १६८०चं, मृत्यू ऑक्टोबर १६८१चा, आणि दुसरा कट दोहोंच्या मधे. दानपत्रावरून पहिल्या कटानंतरही सावत्र आईबद्दल जाहीर आदर होता हे कळतं. मृत्यू कसा झाला हे त्यातून कळत नाही. भिंतीची कथा पडते ती समकालीन दुजोरा नाही म्हणून, दानपत्र आहे म्हणून नव्हे.

शिर्क्यांचं काय?

१ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला मुघल सरदार मुकर्रबखानाने संभाजी महाराज आणि कवी कलश यांना पकडलं. तो कोल्हापूरकडून आंबा घाटाच्या अवघड वाटेने थोडीच फौज घेऊन वेगात उतरला होता. बातमी कुणी दिली?

जे पक्कं आहे ते आधी. महाराणी येसूबाई शिर्क्यांच्या कन्या, गणोजी त्यांचे भाऊ आणि शिवाजी महाराजांचे जावई. वतनावरून तेढ होती. त्याआधीच्या महिन्यांत शिर्के आणि कलश यांच्यात उघड लढाई जुंपली, महाराज कलशाच्या मदतीला गेले. मुघल इतिहासकार साकी मुस्तैदखानाच्या हकीकतीतही हे आहे: हेरांनी बातमी आणली की शिर्क्यांशी झालेल्या भांडणापायी संभाजी रायगडावरून खेळण्याला म्हणजे विशाळगडाला गेला आणि तिथून संगमेश्वरला आला.

हे वाक्य नीट वाचा. शिर्क्यांचं भांडण हे महाराज त्या भागात का आले याचं कारण म्हणून येतं. बातमी आणणारे मुकर्रबखानाचे हेर आहेत. ‘शिर्क्यांशी भांडण होतं’ आणि ‘शिर्क्यांनी पकडून दिलं’ यांच्यामध्ये जी फट आहे ती पुढच्या काळाने भरली. तर्क म्हणून ती भरता येईल. घरचे भेदी असल्याशिवाय आडवाट सापडली कशी, असा प्रश्न विचारणं रास्त आहे. पण मार्तेंच्या रोजनिशीत दोष दुसऱ्याच लोकांवर, काही ब्राह्मण कारभाऱ्यांवर, येतो. एका संशयाला दोन साधनं दोन पत्ते देत असतील तर पडद्यावर हातात मोहरांची थैली घेतलेला एकच चेहरा दाखवणं म्हणजे निकाल देणं झालं.

आणि गणोजींची गोष्ट तिथे संपत नाही. ते मुघलांकडे गेले, जिंजीच्या वेढ्यात मुघल छावणीत होते, आणि राजाराम महाराज जिंजीतून निसटले त्यात त्यांचा हात होता. त्यांना वळवायला खंडो बल्लाळांनी आपलं दाभोळचं वतन सोडलं, असं परंपरा सांगते. खंडो बल्लाळ म्हणजे देहान्त शासन झालेल्या त्याच बाळाजी आवजींचे पुत्र! ज्या राजाने बाप मारला त्याच्या भावाला वाचवायला मुलगा वतन सोडतो आणि ज्याला आपण फितूर म्हणतो तो वाट काढून देतो. निष्ठा, वतन आणि रक्त यांचा हा गुंता मालिकेने दाखवला तर खलनायकाची गरजच राहणार नाही. पण त्यासाठी प्रेक्षकाला आधी वतन म्हणजे काय ते सांगावं लागेल: वंशपरंपरेने चालणारा गावाच्या वा परगण्याच्या उत्पन्नातला हक्क, ज्यासाठी माणसं राजाही बदलत. हे सांगायला एक भाग पुरतो.

‘अहो, करमणूकच आहे ती’

हा पहिला आक्षेप, आणि तो अर्धा बरोबर आहे. संभाजी महाराज आणि येसूबाई रात्री काय बोलले हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते संवाद रचलेलेच असणार. त्यावर ‘पुरावा दाखवा’ म्हणणं पोरकटपणा आहे. रिकाम्या जागा भरायच्या नसतील तर मालिका काढायचीच नाही. चार वर्षांची मोहीम चार भागांत आटवणं, तीन कारभाऱ्यांचं एक पात्र करणं, हेही चालतं.

न चालणारी गोष्ट एक. खऱ्या, नाव असलेल्या माणसावर समकालीन पुरावा नसलेला गुन्हा लादणं. दासीच्या पात्राला विष कालवू दे, ती लेखकाची आहे. सोयराबाई किंवा गणोजी लेखकाचे नाहीत.

उलट बाजूनेही हेच लागू. दिलेरखान प्रकरण हा शिवाजी महाराजांनीच रचलेला डाव होता, असाही तर्क मांडला जातो. तसं थेट सांगणारा समकालीन कागद नाही. राजाचा मोठेपणा राखायला ही पळवाट गोड वाटते, पण बापावर रुसून गेलेला आणि परत येऊन नऊ वर्षं औरंगजेबाशी झुंजलेला माणूस हा त्या पळवाटेपेक्षा मोठा आहे. निदान मला तरी तसं वाटतं.

मालिकेच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. वाड्यात अडकल्यामुळे ती स्त्रियांना जागा देते, जी कागद देत नाहीत. ‘श्री सखी राज्ञी जयति’ या शिक्क्याने कारभार पाहणाऱ्या, नोव्हेंबर १६८९ ते १७१९ इतका काळ मुघलांच्या कैदेत काढणाऱ्या येसूबाई शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकल्या जातात. त्यांना घराघरांत नेलं ते मालिकांनी.

टोमॅटो, लेझीम आणि ‘ऐतिहासिक’ मराठी

यावर समाजमाध्यमांत सर्वांत जास्त ऊर्जा खर्च होते, म्हणून थोडक्यात. सतराव्या शतकातल्या रायगडावरच्या स्वयंपाकघरात टोमॅटो-बटाटे दिसले तर हसावं आणि सोडून द्यावं. मिरची चालेल, ती पोर्तुगीजांबरोबर आधीच आली होती. मालिकेत बोललं जातं ते घोळदार मराठी त्या काळचं नव्हे, गेल्या शतकातल्या नाटकांनी घडवलेलं आहे. त्या काळच्या पत्रांत फारसी शब्दांची इतकी गर्दी असते की राज्यव्यवहारासाठी पर्यायी शब्दांचा कोश करून घ्यावा लागला. तसं मराठी टीव्हीवर आणलं तर पहिल्या जाहिरातीआधी लोक चॅनेल बदलतील.

तारखेत दहा दिवसांचा फरक

नेटवर शोधताना एकाच घटनेच्या दोन तारखा मिळाल्या तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका. इंग्रज १७५२पर्यंत जुनं ज्यूलियन पंचांग वापरत, पोर्तुगीज आपल्या आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने लिहीत. सतराव्या शतकात दोघांत दहा दिवसांचं अंतर होतं. संभाजी महाराजांच्या वधाची प्रचलित तारीख ११ मार्च १६८९ ही जुन्या पंचांगाची. आजच्या पंचांगाने ती २१ मार्च येते. तिथी मात्र एकच, फाल्गुन अमावास्या. म्हणून तिथीवरून पडताळणं सुरक्षित. शकाचं इसवी सन काढताना ७८ मिळवा, आणि घटना पौष-माघ-फाल्गुनातली असेल तर बहुधा ७९. राज्याभिषेक माघ शके १६०२चा, म्हणून तो १६८१ मध्ये येतो.

‘सुरुवातीला पाटी दाखवतात की!’

‘ही मालिका अमुक कादंबरीवर आधारित असून नाट्यमयतेसाठी काही बदल केले आहेत’ ही पाटी दोन सेकंद येते. पाटी जितकी मोघम तितकी निरुपयोगी. कोणता बदल केला हे तीत नसतंच. आणि कादंबरीवर आधारित म्हटल्याने कादंबरीतला आरोप खरा होत नाही, फक्त त्याचा मालक बदलतो. भाग संपल्यावर ‘आजच्या भागातला विषप्रयोगाचा उल्लेख इंग्रजी पत्रात आहे, दासीचं पात्र काल्पनिक’ अशा दोन ओळी द्यायला काही खर्च येत नाही.

मग बंदी का नको?

बंदीची मागणी सोपी, पण तिने फक्त घाबरट मालिका तयार होतात: सगळे गोडगोड, संशय कुणावरच नाही, आणि कारणं तर त्याहून नाहीत. तक्रारीचा रस्ता मात्र आहे. चित्रपटाला आधी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, मालिकेला लागत नाही. तिच्यावर केबल टीव्ही कायदा, १९९५ आणि त्याखालची कार्यक्रम संहिता लागू होते. २०२१च्या सुधारित नियमांनुसार तक्रार आधी वाहिनीकडे करायची. वाहिनीने १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. पटला नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे १५ दिवसांत अपील, आणि त्यापुढे केंद्र सरकारची समिती. दिवंगत व्यक्तीची बदनामी हाही गुन्हा होऊ शकतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ खाली येई, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली. पण तिथे घरच्यांच्या वा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा हेतू दाखवावा लागतो, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजासाठी तो दाखवणं सोपं नाही.

तक्रारीत भागाची तारीख आणि वेळ, प्रसंगाचं दोन ओळींत वर्णन, आक्षेप घटनेवर आहे की तिच्या कारणावर, आणि तुमच्या म्हणण्याला आधार देणारं साधन पानासह लिहा. राजवाड्यांचे खंड, जेधे शकावली, बेंद्रे, पिसुर्लेकर हे सगळं छापील आहे, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांच्या ग्रंथालयात बसून पाहता येतं. उशीर मात्र करू नका. वाहिनीला प्रक्षेपणाची नोंद ९० दिवसच जपून ठेवावी लागते.